अमळनेर ते उदयपूर: विमान, मित्राची एर्टिगा की ड्रायव्हरसकट गाडी?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरची सहा माणसं. तुम्ही दोघं, अकरा आणि पाच वर्षांची मुलं, बहात्तर वर्षांचे वडील (साखर आणि बीपी), अडुसष्ट वर्षांची आई (गुडघे). दिवाळीनंतर सात दिवस उदयपूर, नाथद्वारा, चितोड. वहिनी म्हणतात विमानाने जाऊ, एका दिवसात पोचू. वडील म्हणतात घराच्या दारातून गाडी करू. तिसरीकडे तुमचा मित्र त्याची एर्टिगा रोजाच्या हिशेबाने द्यायला तयार आहे, चालवायची तुम्ही. आणि तुम्ही विचारता, यात स्वस्त काय?

मी धुळ्याचा. १९९९ पासून स्टिअरिंगवर आहे. आता तीन गाड्या आहेत आणि त्यातली एक अजून मीच चालवतो. तेव्हा मी गाडीवाल्याच्याच बाजूने बोलणार असं धरून वाचा; पण कधी विमानाने जा म्हणेन तेही खाली लिहिलंय.

विमान लवकर नेतं हा हिशोब मुंबई-पुण्यात राहणाऱ्याचा आहे. आपल्याला आधी विमानापर्यंत पोचावं लागतं. जळगावला विमानतळ आहे, पण तिथून उदयपूरला थेट विमान नाही. म्हणजे तुम्ही मुंबई गाठणार. अमळनेरहून धुळं, मालेगाव, नाशिक, कसारा घाट करत विमानतळापर्यंत सात तास तर धराच, भिवंडी-ठाण्याला अडकलात तर आठ. विमान सुटायच्या दोन तास आधी आत. उड्डाण दीड तासाच्या आसपास. उदयपूरचं विमानतळ डबोकला, शहरापासून वीसेक किलोमीटर लांब. सामान घेऊन, टॅक्सी करून हॉटेलात पोचेपर्यंत अजून दीड तास. झाले बारा-तेरा तास, आणि त्यातही आईला गाडीत सात तास बसावं लागलंच.

आता सरळ रस्ता. अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिरपूर, सेंधवा, धामनोद, मग पिथमपूरकडून लेबड, रतलाम, मंदसौर, नीमच, चितोड, उदयपूर. साधारण पावणेसातशे किलोमीटर. चहा-पाणी, जेवण, डिझेल धरून माझी सरासरी ताशी पन्नास पडते. म्हणजे साडेतेरा तास. विमानापेक्षा तासाभराचाच फरक. ते साडेतेरा तास मी एका दिवसात करायला सांगणार नाहीये, त्याचं पुढे बोलू. इंदूरहून विमान बघण्यात तर मला काही अर्थ दिसत नाही. इंदूरपर्यंत आलात म्हणजे बराचसा रस्ता तुम्ही गाडीनेच तोडलेला असतो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत, ते कबूल करतो. तुमच्याकडे चारच दिवस असते तर मी विमान म्हणालो असतो. माणसं दोन-तीनच असती तरी तेच, कारण गाडीचं भाडं सहा जणांत वाटलं तर हलकं, दोघांत जड. वडिलांचं अलीकडे हृदयाचं काही ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग मला. लहानग्याला घाटात उलटी होते का, तेही बघा. अंतराचा माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की एका बाजूने सातशे किलोमीटरपर्यंत, मध्ये एक मुक्काम करून, गाडी. सातशे ते हजार असेल तर माणसं बघून ठरवायचं. हजारच्या वर, म्हणजे बेंगळुरू, तिरुपती वगैरे, तर रेल्वेने किंवा विमानाने जा आणि तिथे गाडी भाड्याने घ्या. तुमचा प्रवास सातशेच्या आत बसतो, म्हणून गाडी.

रेल्वेचं तुम्ही विचारलं नाही, पण फक्त उदयपूर करायचं असतं तर मी तीच सुचवली असती. अमळनेर भुसावळ-सुरत मार्गावर आहे, पुढे अहमदाबाद, आणि अहमदाबादच्या असारव्याहून उदयपूरला २०२२ पासून ब्रॉडगेज सुरू आहे. पण तुम्हाला चितोड करायचंय, नाथद्वारा करायचंय, आणि सोबत दुखरे गुडघे. चितोडचा किल्ला पायी फिरायचा नाहीच, इतका तो पसरलाय. गाडी सात दरवाजांतून थेट वर जाते आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गाडीनेच हलायचं. तिथे दारात उभी असलेली आपली गाडी ही चैन नाही वाटत.

पैशाकडे येतो. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला ३०० किलोमीटर किमान धरतात, गाडी चालो न चालो. सात दिवसांचे २१०० किलोमीटर. माझा इनोव्हा क्रिस्टाचा दर सध्या किलोमीटरला १९ रुपये आहे, म्हणजे ३९,९०० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ५००, त्याचे ३,५००. टोल आणि पार्किंग तुमच्याकडे, त्याला पाचेक हजार बाजूला ठेवा. एर्टिगा १५ रुपयांनी धरली तर भाडं ३१,५०० होतं. दुसऱ्याचा दर रुपया-दोन रुपये इकडेतिकडे असेल, हिशोबाची रीत हीच.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचा जाण्यायेण्याचा रस्ता, नाथद्वारा, उदयपुरातलं फिरणं सगळं धरून सोळाशे-सतराशे किलोमीटर होतील. पैसे मात्र २१०० चे देताय. चारशे किलोमीटर आधीच विकत घेतलेले आहेत, ते वापरा. येताना महेश्वरला मुक्काम करा. धामनोदपासून आत थोडंसंच जावं लागतं, अहिल्याबाईंचा घाट आहे, समोर नर्मदा. भाड्यात एक रुपया वाढत नाही, आणि शेवटच्या दिवसाला दोनशेच्या आसपासच किलोमीटर उरतात. यात माझा स्वार्थ असा की ड्रायव्हर सेंधव्याजवळचा बिजासनचा घाट उजेडात उतरतो.

गाडी कुठली? क्रिस्टा, आणि कारण सामान. एर्टिगात ड्रायव्हर धरून सात माणसं बसतात हे खरं, पण मागची सीट उघडली की डिकीत दोन बॅगा जेमतेम. सीएनजीवाली असेल तर टाकी डिकीतच असते, विषय संपला. मग बॅगा टपावर कॅरिअरला, त्यावर ताडपत्री, आणि प्रत्येक थांब्याला कुणीतरी खाली उभं. क्रिस्टातसुद्धा सहा माणसांच्या सहा मोठ्या बॅगा मावत नाहीत. चार मऊ बॅगा घ्या, कडक ट्रॉली नको. आईला मधल्या सीटवर, दाराजवळ. मागे मुलं आणि तुमच्यापैकी एक. क्रिस्टा उंच आहे, गुडघेदुखीवाल्याला चढताना त्रास होतो. आमच्या गाडीत मी जेवायला बसायचा लाकडी पाट ठेवतो. दार उघडलं की पाट खाली, त्यावर पाय, मग आत. कितीतरी आज्यांनी त्या पाटाला आशीर्वाद दिलाय, मला कमी मिळाला असेल.

आता मित्राची एर्टिगा. इथे मी जरा कडक बोलतो. पांढऱ्या नंबरप्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी पासिंग, ती गाडी भाड्याने देता येत नाही. ड्रायव्हरसकट भाड्याच्या गाडीला पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं असतात, स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीला काळ्या प्लेटवर पिवळी. मित्राने प्रेमाने गाडी दिली तर गोष्ट वेगळी. रोजाने पैसे घेतले की ते भाडं झालं. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने वापर केल्यास संरक्षण नाही असं छापलेलं असतं, पॉलिसी काढून वाचा. परवान्याशिवाय भाडं मारलं तर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे, पण तो दंड मी फार मोठा मानत नाही. नीमचजवळ कुणी धडकला, गाडीत तुमचे आईवडील, आणि विमा कंपनीचा माणूस विचारतोय की गाडीचे पैसे किती दिले, ही वेळ मोठी. मित्र म्हणाला असेल की फास्टॅगचा वर्षाचा पास आहे, टोल फुकट. तो पास राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो, राज्याच्या रस्त्यांवरच्या नाक्यांवर नाही.

काळ्या प्लेटची गाडी रीतसर मिळाली तरी तुमच्या बाबतीत मी नको म्हणेन. अनामत रक्कम, किलोमीटरची मर्यादा, खरचटलं तर कापले जाणारे पैसे हे सगळं आहेच. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे चालवणारे एकटे तुम्ही. वहिनी चालवतात असं तुम्ही लिहिलेलं नाही. तेरा तासांचा रस्ता, मागे मुलांची भांडणं, शेजारी वडील "हळू, हळू" म्हणतायत, आणि सातव्या दिवशी परत तोच रस्ता. सुटी तुमची, आणि सगळ्यात जास्त दमणारे तुम्हीच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुम्ही स्वस्त काय विचारलंत. भाड्याच्या गाडीने लांब जाताना खर्चात पहिला आकडा लिहायचा तो ड्रायव्हरच्या झोपेचा. तो आकडा वाचवून स्वस्तात गेलेली माणसं मी पाहिलीत. एकदा मीच नेली होती.

२०११ ची गोष्ट. एक कुटुंब अंबाजीला नेलं होतं. परत येताना ते म्हणाले, मुक्कामाचा खर्च कशाला, रात्रीच निघू, सकाळी घरी. मी तरुण होतो, हो म्हणालो. आदल्या रात्री देवस्थानाच्या आवारात गाडीतच झोपलो होतो, डासांमुळे झोप म्हणावी अशी नव्हतीच. पहाटे साडेतीन-चारला साक्री ओलांडलं. धुळं एवढंसं राहिलं होतं. माझे डोळे उघडे होते, रस्ता दिसत होता, आणि मी झोपलेलो होतो. चाकं डांबर सोडून मुरमात गेली, खडखड झाली, त्याने जाग आली. समोर बाभूळ. हाताने स्टिअरिंग आपोआप वळवलं. पुढच्या सीटवरच्या आजीबाई जाग्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गाडी उभी कर. आपण उजाडल्यावर जाऊ." बाकीचे सगळे मागे गाढ झोपेत. आम्ही दोघं पुलाच्या कठड्यावर उजाडेपर्यंत बसलो. त्या दिवसापासून माझी गाडी रात्री अकरा ते पहाटे पाच चालत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

यात शहाणपण माझं काही नाही. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, चहा कितीही प्या. दुपारी जेवणानंतर दोन ते चारही तसंच, तिथे थोडं कमी. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला दहापर्यंत सूट, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असं लिहिलेलं होतं. माझ्यासारख्या दोन-तीन गाड्यांच्या धंद्यात हे कुणी विचारायला येत नाही. म्हणून ते गिऱ्हाइकाने विचारायचं.

उदयपूरच्या जुन्या गावात, जगदीश मंदिराच्या बाजूला, गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोठी गाडी हॉटेलपर्यंत जातच नाही. गाडी लांब पार्किंगला लागते आणि ड्रायव्हर त्यातच झोपतो. तलावाचा देखावा तुम्ही खिडकीतून बघता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालवणारा माणूस मान आखडून उठलेला असतो. म्हणून हॉटेल ठरवताना पहिला प्रश्न हा, ड्रायव्हरला खोली किंवा कॉट आहे का, आणि अंघोळीची सोय आहे का. बऱ्याच ठिकाणी असते, मागितली तर मिळते. नसेल तर जवळच्या लॉजचे पैसे तुम्ही द्या. सात दिवसांत दोन-अडीच हजार जातील. पाचशेच्या भत्त्यात जेवण आणि खोली दोन्ही बसत नाहीत, मग पोरगं खोली वाचवतं. मीही वाचवायचो.

जेवताना त्याला आपल्या टेबलावर बोलवा. नाही म्हणेल, पुन्हा बोलवा. आपल्याकडे पाहुण्याला विचारतात तसं, "जेवनात का भाऊ?" एवढं विचारलं तरी खान्देशी पोरगं खुलतं. त्यातून तो दुपारी किती हादडतो ते दिसतं, हा आतला फायदा. दाल-बाटी तुपात बुडवून भरपेट खाल्लेला ड्रायव्हर तीन वाजता काय होतो ते मला विचारा. रात्रीच्या मुक्कामाला खाऊ द्या हवं तेवढं.

रस्त्याचं थोडक्यात. पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघा. सावळद्याला तापी ओलांडून शिरपूर, मग बिजासनचा घाट चढून सेंधव्याला पोहे-जिलबीचा नाश्ता. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वहिनींनी घेतलीच असेल, ती दुपारी रतलामच्या अलीकडे झाडाखाली. दर दोन तासांनी गाडी उभी करायची आणि वडिलांना पाच मिनिटं पायी फिरवायचं. पाय खाली लोंबकळून सुजतात, आणि साखर असलेल्या माणसाने तर बसून राहूच नये. मुक्काम रतलामला, किंवा सगळे ताजेतवाने असतील तर पुढे मंदसौरला. मंदसौरला शिवना नदीकाठी पशुपतिनाथाचं मंदिर आहे, आठ मुखांचं शिवलिंग, वडिलांना आवडेल. दुसऱ्या दिवशी चितोड बघून संध्याकाळी उदयपूर. मधले तीन दिवस तुमचे. नाथद्वाऱ्याला सकाळी लवकर निघा, श्रीनाथजींची दर्शनं दिवसात आठ वेळा ठरलेल्या वेळेला आणि थोडा थोडा वेळच उघडतात. कुंभलगड आईला झेपणार नाही, चढ उभा आहे. तुम्ही मुलांना घेऊन जा, आईवडिलांना विश्रांती. सहाव्या दिवशी महेश्वर, सातव्या दिवशी दुपारच्या जेवणाला घर.

दिवाळीनंतर दिवस लहान असतो, सहाच्या आधीच सूर्य मावळतो. आणि आपल्याकडे कापूस बाहेर पडलेला असतो. टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या, त्यावर रस्ता झाकून टाकणारे कापसाचे ढीग. अंधारात ते तीस फुटांवर आल्यावर दिसतात. सात वाजता गाडी हॉटेलच्या दारात हवी, याचं मुख्य कारण हे.

बिजासनचा मुद्दा परत. जाताना चढ आहे, त्यात काही नाही. येताना उतार आहे आणि मागून भरलेले कंटेनर उतरत असतात. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर लोकांत आणि गाड्यांत घुसला होता, तुम्हाला आठवत असेल. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरवर ठेवायची, ब्रेकवर पाय दाबून नाही, आणि मागे जड गाडी चिकटली असेल तर बाजूला होऊन तिला जाऊ द्यायचं. घाट संपल्या संपल्या पळासनेरला चहाला थांबायची घाई नको, पुढे शिरपूरला थांबा. ड्रायव्हर ८० च्या वर जात नाही म्हणून कुरकुर करू नका. बऱ्याच टुरिस्ट गाड्यांना स्पीड गव्हर्नर (वेग रोखणारं यंत्र) असतो, ड्रायव्हरच्या हातात नाही. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टे लावायचे, मुलांनीसुद्धा.

गाडी कुणाचीही घ्या, ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. किलोमीटर कुठून मोजणार, त्याच्या दारापासून की तुमच्या. गाडी धुळ्याची असेल तर अमळनेरपर्यंतचे येण्याजाण्याचे सत्तर किलोमीटर तुमच्यात धरतात, ते आधी कळलेलं बरं. भत्ता किती, रात्रीचा वेगळा आकार आहे का आणि किती वाजल्यापासून, टोल-पार्किंग कोणाचं. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, कारण मध्य प्रदेश आणि राजस्थान दोन्ही लागतात. परमिट, विमा, फिटनेस यांचे फोटो मागा; चांगला गाडीवाला रागावत नाही. निघताना मीटरचा फोटो, परत आल्यावर मीटरचा फोटो. आणि जो माणूस तुम्हाला फोनवर "साहेब, एका दिवसात उदयपूर करून देतो" म्हणेल, तो कितीही स्वस्त असला तरी त्याची गाडी घेऊ नका.

टायरही बघा. आदल्या संध्याकाळी गाडी घरी बोलवा, पाचवा टायर म्हणजे स्टेपनी उतरवून बघा. स्वतः बघायची लाज वाटत असेल तर मुलाला बघायला सांगा, त्याला मजा येते आणि ड्रायव्हरलाही राग येत नाही.

वहिनींना विमानाचं वाईट वाटेल, ते समजतं. मुलांनी विमान पाहिलेलं नसेल. ते वेगळं करा, पुढच्या उन्हाळ्यात, आईवडिलांशिवाय, लांबच्या ठिकाणी. आता तारखा आणि वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा कळवा, म्हणजे दर दोन तासांचे थांबे मी गावांच्या नावांसकट लिहून देतो. गाडी माझीच घ्या असं अजिबात नाही.